फोंतेन्हास : चुना, पिवडी आणि नीळ

पणजीच्या बसस्थानकावर उतरून, पाटोचा पूल ओलांडून, डावीकडे वळून ओरें खाडीच्या काठाने चालू लागले म्हणजे एका हाताला भरती-ओहोटीचे गढूळ, संथ पाणी आणि दुसऱ्या हाताला एकमेकांस खेटून उभी राहिलेली पिवळी, निळी, हिरवी, विटकरी रंगांची दुमजली कौलारू घरे लागतात. आणि या दोहोंमधल्या अरुंद वाटेने मनुष्य ज्या वस्तीत शिरतो तिला फोंतेन्हास असे म्हणतात. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ 'लहान लहान झरे' एवढाच आहे. पश्चिमेस आल्तिनोची टेकडी, पूर्वेस खाडी, आणि टेकडीच्या पायथ्याशी पाझरणारे पाणी, एवढ्या तीन गोष्टींनी या वस्तीचा आकार, नाव आणि पुष्कळ अंशी स्वभावही ठरवून टाकला आहे. येथे येणारे बहुतेक लोक 'जुने पोर्तुगाल' पाहावयास येतात आणि ते पाहिल्याच्या समाधानात परत जातात. मी मात्र एक क्षुल्लक प्रश्न मनात धरून, आश्विन संपता संपता, सकाळी आठाच्या सुमारास तेथे पोहोचलो होतो: या घरांना हे रंग कोणी दिले, आणि कोणाच्या हुकुमाने?

प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी गावाचे वय ध्यानात घेतले पाहिजे, कारण या बाबतीत पाहुण्यांचा नेहमीच गैरसमज होतो. पणजी हे मुळात ताळगावचे एक उपांग, कोळ्यांची नि माडांची जागा. तीत नाव घेण्याजोगी इमारत म्हणजे मांडवीच्या काठचा आदिलशाही वाडा. १५१० साली आल्बुकेर्कच्या आरमाराने प्रथम हाच वाडा घेतला, आणि त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षे फिरंगी सत्तेचे सारे वैभव नदीच्या वरच्या अंगास, आज ज्याला आपण जुने गोवे म्हणतो त्या शहरात, नांदत राहिले. काउंट ऑफ लिन्यारिश या विजरईने १६३३-३४ मध्ये रायबंदरपासून पणजीपर्यंत सुमारे तीन किलोमीटर लांबीचा दगडी बांध घातला नसता, तर खाजणातून पणजी गाठणे हेच एक कर्म होऊन बसले असते. तो बांध आजही वाहतुकीचा भार वाहत आहे. पुढे विहिरींचे पाणी दूषित होऊन जुन्या गोव्यात साथीमागून साथी येऊ लागल्या, आणि त्यातच १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजीराजांच्या फौजेने अगदी शहराच्या उंबरठ्यावरचा जुवे बेटाचा किल्ला घेतल्यामुळे राजधानी मुरगावला हलविण्याचा विचार खुद्द विजरईच्या मनाने घेतला. मुरगावचे काम रेंगाळत रेंगाळत सोडून देण्यात आले. परंतु जुने शहर सोडावयाचे हे एकदा मनाने घेतले ते घेतलेच: १६९५ मध्ये विजरई पाणेलीच्या घरात राहावयास गेला, १७५९ मध्ये पणजीच्या आदिलशाही वाड्यात आला, आणि १८४३ च्या मार्च महिन्यात, पोर्तुगालच्या राणीने काढलेल्या अल्वाऱ्याने, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत फर्मानाने, पणजी ही 'नोव्हा गोवा' या नावाने रीतसर राजधानी झाली. हे सरकारी नाव लोकांनी कधी तोंडात धरले नाही, हे सांगावयास नकोच.

तेव्हा जे फोंतेन्हास आपण 'जुने' म्हणून पाहतो, ते साम्राज्याच्या ऐन भराचे नव्हे, तर ओसरतीचे अपत्य आहे. ज्या काळी पुण्यात पेठांमागून पेठा वसून जुन्याही झाल्या होत्या, त्या काळी येथे माडांचे भाट होते आणि त्यात खाडीचे पाणी शिरत होते. हे भाट अठराव्या शतकाच्या अखेरीस आंतोनियु जुवांव द सेकैरा नावाच्या एका गोवेकराने वसविले असे मानतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोझांबिकात पैसा करून हा गृहस्थ परतला होता, म्हणून लोकांनी त्याला 'मोसमीकार' हे टोपणनाव दिले. (आपल्या भाषेतही त्या देशाची एक खूण राहून गेली आहे: मोसंबे हे फळ नावाने मोझांबिकचेच.) मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहून चालत असे, आणि कारभार वेगळा झाल्यावरही दोन्ही किनाऱ्यांमधले गलबतांचे येणेजाणे थांबले नाही, इकडून कापड जाई, तिकडून हस्तिदंत येई, आणि हस्तिदंताबरोबर माणसेही येत, ज्यांना गोव्यात 'खाप्री' म्हणत आणि जी मोठमोठ्या घरांत गुलाम म्हणून राबत. आजच्या प्रवाशाला या गल्ल्यांतून फिरताना केवळ मँडोलिनचे सूर ऐकू यावेत अशी पर्यटनखात्याची इच्छा असते. त्या इच्छेला माझी हरकत नाही. परंतु ज्या व्यापाराच्या पैशावर अशी भाटे विकत घेतली जात होती त्याचा जमाखर्चही कोणी तरी वाचावयास हवा.

पुढे हे भाट कार्मेलीत पाद्र्यांच्या ताब्यात गेले. १८३५ मध्ये गोव्यातील धार्मिक पंथांचे मठ सरकारने बंद करून त्यांच्या मिळकती खालसा केल्या, आणि ज्या जागेवर पाद्र्यांचे नारळ पडत होते तेथे सरकारी नोकरांची घरे उभी राहू लागली. याच सुमारास, म्हणजे १८२७ ते १८३५ या काळात, दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु नावाचा एक उद्योगी अधिकारी गोव्याच्या कारभारावर होता. त्याने पणजीतील वाळूचे टेकाड सपाट केले, दलदल बुजविली, सरळ रस्ते आखले, आणि आज पणजीचा जो भाग काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचा म्हणून ओळखला जातो त्याचा पाया घातला. जुन्या गोव्यातील पडके वाडे नि मठ यांचे चिरे होड्यांतून नव्या शहराच्या भिंतींत आले. फोंतेन्हासला मात्र ही काटकोनी शिस्त लागली नाही. टेकडी एका अंगाने हटेना आणि खाडी दुसऱ्या अंगाने सरेना. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात कारकून, मुनशी, लष्करी अंमलदार, छापखान्यातले खिळेजुळारी, वकील अशा मंडळींनी मिळेल तशी जागा धरून घरे बांधली, आणि त्या घरांच्या मधून ज्या फटी उरल्या त्यांना पुढे रस्ते म्हणण्यात आले. या वस्तीचे सौंदर्य नगररचनेतून नव्हे, तर नगररचनेच्या अभावातून आले आहे, हे मत एखाद्या अभियंत्याला आवडणार नाही. पण येथे अर्धा तास फिरल्यावर तोही ते मनातल्या मनात मान्य करील.

आता रंगांकडे वळू. पोर्तुगीज अमदानीत पांढरा रंग देवाच्या घरासाठी, म्हणजे चर्च आणि कपेल यांसाठी, राखून ठेवलेला होता. इतरांनी आपापल्या घराला दुसरा कोणताही रंग द्यावा आणि तो दर पावसाळ्यानंतर नव्याने द्यावा, असा दंडक होता, असे गोव्यात पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. घरांकडे पाहावे तर ती हा दंडक आजही मोठ्या इमानाने पाळताना दिसतात: सबंध भिंत रंगीत, आणि पांढरा फक्त काठाला. खिडक्यांच्या चौकटी, कोपऱ्यांवरचे खांब, छपराखालची पट्टी एवढेच पांढरे, जणू घरमालकाने हुकुमाच्या अक्षराला मान दिला आहे आणि अर्थाला थोडे वळसे घालून घेतले आहेत. परंतु हुकूम असो वा नसो, या किनाऱ्यावर घर दरवर्षी रंगवावेच लागले असते, ही गोष्ट मला त्या सकाळी एका रंगाऱ्याने शिकविली.

तो एका गल्लीत शिडीवर उभा राहून भिंत खरवडीत होता, आणि मी खाली थांबून पाहत आहे असे पाहून त्याने विचारले, "कितें बाब, फोटो काडूंक आयल्यात?" नाही, रंग पाहावयास आलो आहे, असे म्हटल्यावर तो शिडीवरून खाली उतरला आणि त्याने मला त्या भिंतीची सारी वंशावळ सांगितली. भिंत जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा. शंभर इंचांहून अधिक पाऊस चार महिने त्यावर कोसळतो, आणि मग तो दगड आत घेतलेली ओल कार्तिक-मार्गशीर्षापर्यंत हळूहळू बाहेर टाकत राहतो. पूर्वी गिलावा शिंपल्या भाजून काढलेल्या चुन्याचा असे आणि वरचा हातही चुन्याचाच. चुना ओल अडवीत नाही, तो तिला बाहेर जाऊ देतो, मात्र प्रत्येक पावसाळ्यात थोडा थोडा स्वतः झिजतो आणि शेवाळाने काळवंडतो. म्हणून दिवाळीच्या आगेमागे पुन्हा चुना भिजवावयाचा, त्यात कोणी पिवडी, कोणी काव, कोणी नीळ, कोणी मोरचूद मिसळावयाचा, आणि भिंत पुन्हा उजळावयाची. चुन्यात टिकणारे रंग मोजकेच. म्हणून पिवळा, तांबडा, निळा आणि हिरवट अशा चारांतच वस्तीचा सगळा संसार, आणि प्रमाणाच्या कमीअधिकपणामुळे एका घरासारखे दुसरे घर नाही. "आता डब्यातला रंग लावतात," असे म्हणून त्याने भिंतीवरच्या एका फुग्यावर अंगठा दाबला. रंगाचा पापुद्रा सुटून खाली पडला आणि आतून ओलसर माती दिसली. डब्यातला रंग चकाकतो, पण भिंतीला श्वास घेऊ देत नाही. मालकांची घाई आणि फोटो काढणाऱ्यांची आवड, दोन्हींना तोच सोयीचा पडतो, हे त्याने सांगितले नाही. ते समोर दिसतच होते.

त्या फुग्यानंतर मी घरांकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. लोक ज्याला पोर्तुगीज रंग म्हणतात तो मांडवीच्या शिंपल्यांचा, कोकणच्या पावसाचा आणि बाजारात पुडीने मिळणाऱ्या पिवडीचा आहे. आणि ज्याला प्राचीन म्हणतात तो फार तर गेल्या दिवाळीचा.

घरांच्या अंगावर इतरही पुष्कळ पाहण्यासारखे आहे. रस्त्याकडे झुकलेले लोखंडी कठड्यांचे सज्जे. काचेच्या आधीच्या काळातली, चपट्या अर्धपारदर्शक शिंपल्यांची तावदाने, जी आता थोड्याच खिडक्यांत उरली आहेत. दाराशेजारी निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशीवर लिहिलेली घराची नावे. आणि छपराच्या कोपऱ्यावर बसलेला मातीचा कोंबडा. कौले बहुतेक मंगळुरी धर्तीची आहेत. हे कौल बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून निघू लागले, तेव्हा त्याच्याखाली जे घर आहे ते त्यापूर्वीचे असले तरी छप्पर नंतरचे, हा हिशेब पाहणाऱ्याने मनाशी ठेवावा. एखाद्या वस्तूवर ती किती साली झाली हे लिहिलेले नसले म्हणजे लोक तिला सरसकट चारशे वर्षांची करून टाकतात.

सेंट सेबॅस्टियनचे कपेल या वस्तीच्या दक्षिणेकडच्या टोकाला, एका लहानशा चौकात आहे, आणि ते अर्थातच पांढरे आहे. आत जो लाकडी क्रूस आहे त्याच्यासाठी तरी वाट वाकडी करून येथे आलेच पाहिजे. ख्रिस्ताच्या मूर्ती सामान्यतः मान खाली टाकलेल्या, डोळे मिटलेल्या असतात. येथील ख्रिस्ताची मान ताठ आहे आणि डोळे उघडे आहेत. हा क्रूस मूळचा जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यातला. १५६० मध्ये स्थापन झालेले ते धर्मन्यायासन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले, तेव्हा क्रूस पणजीच्या विजरईच्या वाड्यात आणला गेला, आणि १९१८ मध्ये गव्हर्नरचे बिऱ्हाड काबो येथे हलल्यावर तो या कपेलात आला. चौकशीसाठी समोर उभ्या केलेल्या माणसाच्या मनात धाक बसावा म्हणून ते डोळे उघडे ठेवले होते, असे सांगतात. ज्याच्या समोर कोणे एके काळी माणसे थरथरली असतील त्याच्यासमोर मी गेलो तेव्हा एक वृद्ध बाई बाकावर बसून जपमाळ ओढता ओढता पेंगत होत्या. मला तो देखावा इतिहासाने घेतलेल्या सर्वांत सभ्य सूडासारखा वाटला.

दुपारी एक वाजला आणि वस्ती मिटली. दुकानांच्या फळ्या लागल्या, खिडक्यांच्या झडपा ओढल्या गेल्या, सकाळी सायकलचा भोंगा वाजवीत उंडे नि पोळ्या विकून गेलेला पदेरही कोठे दिसेना. चार वाजेपर्यंत काहीच मिळण्याची आशा नाही हे जाणून मी उत्तरेकडे सां तोमे या शेजारच्या वाड्यात गेलो. तेथले टपालघर ज्या इमारतीत आहे ती पूर्वी तंबाखूच्या व्यापाराची जागा, आणि समोरच १८३४ ते १८४१ या काळात टांकसाळ चालत असे. तंबाखू ही सरकारच्या मक्त्याची चीज होती. ब्राझीलचा तंबाखू जहाजांनी येथे उतरे आणि त्याच्या मक्त्याचा पैसा ही गोव्याच्या खजिन्याची मोठी बाब असे. हा मक्ता घेणाऱ्यांत हिंदू व्यापारी पुढे असत, आणि त्यांच्यातले म्हामाय कामत हे घराणे तर एवढे मोठे की त्यांचा वाडा आदिलशाही वाड्याच्या अगदी पाठीशी आजही उभा आहे. त्या घराण्याचे दफ्तर संशोधकांच्या हाती आले तेव्हा त्यात पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रजी यांच्या जोडीस मोडी लिपीतील मराठी कागदांचाही मोठा साठा निघाला. दलाली, विमा, अफू, गुलाम, हुंड्या, सारे त्यात आहे. ज्या शहरात पूजेसाठी देऊळ बांधण्याची हिंदूंना परवानगी नव्हती, त्या शहराच्या तिजोरीची किल्ली पुष्कळदा हिंदूंच्या कमरेला असे. पणजीत देवळाला परवानगी मिळून महालक्ष्मीची स्थापना झाली ती १८१८ मध्ये, म्हणजे मराठ्यांचे राज्य बुडाले त्याच वर्षी. आज फोंतेन्हासच्या दक्षिणेस मळा या भागात, टेकडीच्या उतारावर, मारुतीचे देऊळ आहे आणि माघाच्या सुमारास त्याची जत्रा भरते. त्या दिवसांत कपेलाच्या चौकातून खाज्यांचे आणि फुलांचे ठेले घेऊन माणसे जातात. ज्या झऱ्यांवरून वस्तीला नाव मिळाले त्यांपैकी 'फोंत फेनिक्स' हा झरा मळ्यातच आहे.

चार वाजता फळ्या उघडल्या. एका लहानशा खानावळीत चहा घेऊन मी जो रस्ता सर्वांत शेवटी पाहावयाचा म्हणून राखून ठेवला होता त्यावर आलो. त्याचे नाव '३१ जानेवारी'. गोव्यात पुष्कळजण हे नाव १६४० मध्ये पोर्तुगालने स्पेनचे जू झुगारून दिले त्या घटनेशी जोडतात, पण ती तारीख १ डिसेंबरची. ३१ जानेवारीस जे घडले ते १८९१ साली, पोर्तु शहरात: राजेशाही उलथून प्रजासत्ताक आणण्यासाठी लष्करातील काही पलटणींनी केलेला उठाव, जो त्याच दिवशी मोडून काढण्यात आला. एकोणीस वर्षांनी, १९१० च्या ऑक्टोबरात, प्रजासत्ताक आले, आणि मग त्या फसलेल्या उठावाची तारीख पोर्तुगालच्या गावोगावच्या रस्त्यांना देण्यात आली. तशीच ती येथेही आली. दूरच्या देशातल्या फसलेल्या बंडाचे नाव गोव्यातल्या गल्लीने का मिरवावे, असे प्रथम मलाही वाटले. परंतु ते प्रजासत्ताक आले तेव्हाच गोव्यातील हिंदूंना ख्रिस्ती प्रजेच्या बरोबरीचे नागरी हक्क मिळाले, सरकारी कचेऱ्यांची दारे त्यांना उघडली, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत मराठी शाळा, वाचनालये, नियतकालिके यांची जी एकच गर्दी गोव्यात उसळली तिच्यामागे ही मोकळीक होती. सालाझारच्या राजवटीने १९३० च्या वसाहत-कायद्याने ते सारे पुन्हा आवळून टाकले, हा पुढचा भाग. तेव्हा खाडीकाठच्या या रस्त्याचे नाव परके आहे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. १९६१ नंतर नावे बदलण्याच्या लाटेत ते टिकून राहिले, ही चांगलीच गोष्ट झाली.

वस्तीत आता काही घरांच्या दारांवर फोटो काढू नयेत अशा सूचना टांगलेल्या दिसतात, आणि त्या टांगण्याची पाळी यावी याची लाज पाहुण्यांना वाटावयास हवी. उंबरठ्यावर बसून, सायकलीला टेकून, दुसऱ्याच्या दाराची कडी हातात धरून उभे राहणारे लोक मी त्या एका संध्याकाळी एवढे पाहिले की घरमालकांच्या सहनशीलतेचेच मला नवल वाटले. ज्यांना रंग पाहावयाचे असतील त्यांनी पावसाळा संपल्यावर, रंगाऱ्यांच्या शिड्या लागलेल्या असताना यावे, रस्त्यावरून पाहावे, आणि एक ते चार या वेळात बोलणे हळू ठेवावे, कारण भिंतीपलीकडे माणसे निजलेली असतात.

दिवे लागल्यावर मी चर्चच्या चौकावरून पणजीच्या बाजारपेठेतल्या हमरस्त्याला लागलो. त्याचे नाव '१८ जून', डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावच्या सभेत गोव्याच्या सत्याग्रहाची हाक दिली तो हा दिवस. दहा-पंधरा मिनिटांच्या वाटेवर हे दोन रस्ते आहेत, आणि दोघांच्याही नावात दिवस आणि महिना आहे, वर्ष नाही. पहिल्याचे १८९१, दुसऱ्याचे १९४६.